बारा फ्रेम मिटलेलं तोंड

ऋचा काळसेकरचे ओठ तिच्या आवाजाच्या बारा फ्रेम पुढे गेले होते, म्हणून विवाह नोंदणी कार्यालयाने तिला माझ्या एडिटिंगच्या खोलीत पाठवलं.

चूक माझीच. गेल्या महिन्यात तिच्या गाण्याच्या व्हिडिओत ओठ मागे पडत होते, ते मी पुढे ओढून चोख जुळवले. ती शेजारीच बसली होती, तिचे खरे ओठही सोबत पुढे सरकले. काम झाल्यावर तिला परत जागेवर आणायचं राहून गेलं.

आधी तिचे ओठ हलले, अर्ध्या सेकंदाने शब्द आले. "दादा, साहेब म्हणतात, ओठांची संमती झाली, आवाजाची झाली, पण एकत्र झाली नाही. लग्नाच्या नोटिशीची मुदत आज पाचला संपतेय. आणि सुहास सोमवारी जहाजावर जातोय, नऊ महिने."

सव्वातीन वाजले होते. कार्यालयाच्या पत्रात 'घरचे एक माणूस सोबत आणावे' असं होतं, म्हणून तिची आई आली होती. सुहासशी होणारं हे लग्न पसंत नसल्याने काकू पाच महिने लेकीशी बोलल्या नव्हत्या. आताही त्या दाराजवळच्या स्टुलावर तोंड मिटून बसल्या होत्या.

आमच्या धंद्यात आवाजाला हात लावत नाहीत, ओठच सरकवतात. ते मागे न्यायचे तर आधी बारा फ्रेम मिटलेलं तोंड जोडावं लागतं. मी ऋचाचं सगळं फुटेज धुंडाळलं. कुठेतरी या मुलीने तोंड मिटलेलं असावं! पाणी पितानाही बोलत होती. सव्वाचार झाले.

"दुसऱ्या कुणाचं चालेल?" तिने विचारलं.

"घरचं असेल तर. चेहऱ्याची ठेवण जुळायला हवी."

दोघांनीही स्टुलाकडे पाहिलं.

"काकू," मी म्हणालो, "तुमच्याकडे पाच महिन्यांचं आहे. त्यातला अर्धा सेकंद द्याल? मात्र दिलेलं परत मिळत नाही. तेवढा वेळ तुमचं तोंड मिटलेलं राहणार नाही."

काकूंनी घड्याळाकडे बघितलं. मग त्यांनी होकारार्थी मान हलवली.

मी बारा फ्रेम कापून ऋचाला जोडल्या. "बोल."

"मान्य आहे," ती म्हणाली. ओठ आणि आवाज एकदम आले.

कापलेली जागा आता काकूंच्या तोंडाशी आली. अर्ध्या सेकंदात फारसं काही मावत नाही.

"जा गं," काकू म्हणाल्या, आणि तोंड पुन्हा मिटलं.

ऋचा दारातच थबकली. "आई, परत म्हण ना."

काकूंनी नकारार्थी मान हलवली. बारा फ्रेम संपल्या होत्या. पाचला दहा मिनिटं होती. ऋचा डोळे पुसत पळाली.