ढोककाकांच्या सिग्नलच्या तारा

आमच्या वरच्या मजल्यावरचे ढोककाका ट्रायल घेतल्याशिवाय काहीही करत नाहीत. गावाला जायचं असलं की आदल्या दिवशी बॅग घेऊन चारबाग स्टेशनला जातात, प्लॅटफॉर्मवर उभे राहतात आणि परत येतात. गॅसवाला यायचा असला की रिकामं सिलिंडर दारापर्यंत ओढून बघतात. रेल्वेत सिग्नलचे इंजिनीयर होते. काकू गेल्यापासून एकटेच राहतात. मराठी बोलायला या हिंदी गल्लीत त्यांना आमचंच एक घर.

या उन्हाळ्यात त्यांच्या हृदयाचे ठोके भलतेच धावायला लागले. दोनदा घेरी येऊन पडले. डॉक्टर म्हणाले, गडबड जिथून सुरू होते ती जागा आत नळी घालून जाळावी लागेल. पण आधी हृदयाला संदेश पोचवणाऱ्या बारीक नसांचा फोटो काढू, म्हणजे नेमकी जागा कळेल.

"इंजिन ठीक आहे गं," काका मला म्हणाले, "तारा तपासायच्यात."

सुईतून औषध घ्यायचं आणि कॅमेऱ्याखाली हात वर करून न हलता पडून राहायचं. झालं, ट्रायल सुरू! काका दिवाणावर आडवे, मी शेजारी घड्याळ घेऊन. कामवाली शकुन पोछा मारायला आली आणि किंचाळलीच, "हाय राम, बाबूजी को क्या हुआ?"

"चुप! फोटो चल रहा है," काका ओठ न हलवता म्हणाले.

तेवढ्यात शेजारून मिरचीच्या फोडणीचा वास आला आणि काका असे शिंकले की दिवाण हलला.

"ट्रायल फेल. शिंकेचा बंदोबस्त करावा लागेल."

फोटोच्या दिवशी आमचे हे ड्यूटीवर, म्हणून सोबत मी गेले. ई-रिक्शात काकांनी खिशातून एक गोळी काढून पाण्याशिवायच गिळली. "सर्दीची आहे. आता शिंक येऊन दाखवू दे."

हॉस्पिटलात सुई तयार होती. सिस्टरने विचारलं, "बाबूजी, मना किया था न, सर्दी-खाँसी की कोई गोली तो नहीं ली?"

"कोई दवा नहीं ली. ज़िंदगी भर रेलवे में रहा हूँ, नियम जानता हूँ."

काकांपुढे मी कधी उलटून बोलले नव्हते, आणि तिथे तर चार परके लोक उभे. सिस्टरने दंडाला पट्टा आवळला. सुई टेकणार, इतक्यात माझ्या तोंडून निघालं, "ली है. रिक्शा में."

काका माझ्यावर डाफरले, "अगं, ती काय औषध आहे? डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळते ती!"

सिस्टरने सुई खाली ठेवली. "बाबूजी, उस गोली से नसें फोटो में ठीक आतीं ही नहीं. अच्छी-भली जगह भी काली दिखती. फिर डॉक्टर साहब जलाते कहाँ?"

त्या दिवशीचा फोटो रद्द झाला. घरापाशी रिक्शातून उतरताना काका म्हणाले, "गाडी वेळेवर थांबवलीस."

पुढची तारीख मिळेपर्यंत मी वरच्या पावलांकडे कान लावून असायचे. पावलं थांबली की लाटणं हातात घेऊनच जिन्यात धावायचे. वरून आवाज यायचा, "उभा आहे अजून! जा, पोळी जळेल तुझी!" मी खाली यायचे, तोवर पोळी जळलेली असायची.

दुसऱ्या खेपेला फोटो नीट निघाला. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवला. हृदयाचं नारिंगी रंगाचं कडं, आणि खालच्या बाजूला कोणी घास तोडावा तशी काळी जागा.

"यहाँ की नसें मर चुकी हैं," डॉक्टर म्हणाले. "गड़बड़ इसी के किनारे से उठ रही है. काम यहीं करेंगे. लेकिन चोट पुरानी है. कभी अटैक आया होगा, आपको पता नहीं चला. सीने में तेज़ दर्द हुआ था कभी?"

"नहीं, कुछ नहीं," काका सवयीने म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पण या वेळी मला काही ठाऊकच नव्हतं.

"हुआ था," ते हळूच म्हणाले. "पत्नी को श्मशान घाट पर छोड़कर घर लौटा, तब. कई दिन रहा."

"तो किसी को दिखाया क्यों नहीं?"

काका त्या काळ्या जागेकडे बघत राहिले.

"मुझे लगा, इतना तो दुखता ही होगा."