एक्केचाळीस कलमं आणि शनिवारचा तास

उर्पो केत्तुनेनने शेवटचं कलम लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि रिकाम्या स्वयंपाकघराला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "आता येऊ दे जगातल्या कुठल्याही माणसाला इथे राहायला! ना त्याला आमचा त्रास, ना आम्हाला त्याचा!"

तांपेरे हे त्याचं शहर, म्हणून पुस्तिकेचं नाव होतं ‘तांपेरेला येण्यापूर्वी’. पानं बारा, कलमं एक्केचाळीस. हे काम उर्पोकडे आलं ते इमारतीच्या वार्षिक सभेत. "नव्या भाडेकरूंसाठी चार गोष्टी कोण लिहून काढील?" असं विचारताच सगळी सभा आपापल्या बुटांकडे बघू लागली. उर्पो तेवढा चुकून वर बघत होता. झालं, सभेचं घोडं गंगेत न्हालं!

पण एकदा गळ्यात पडल्यावर त्याने ते मन लावून केलं. बूट दारात काढावेत. बसमध्ये दुसरं बाक मोकळं असताना माणसाशेजारी बसू नये. तक्रार असेल तर दार वाजवू नये, चिठ्ठी लिहावी. सगळ्यात लाडकं होतं ते सातवं कलम: ‘बाहेर पडण्यापूर्वी दाराच्या भिंगातून बघावं. शेजारी जिन्यात असेल किंवा बाहेर पडण्याच्या बेतात असेल, तर तो जाईपर्यंत आतच थांबावं. उगाच भेट होऊन दोघांना बोलावं लागू नये.’

खरं सांगायचं तर हे कलम एकट्या सोइंतूबाईंसाठी होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या सोइंतूबाईंना जिन्यात उभं राहून बोलायची खोड. सत्तरी उलटली तरी खोड जाईना. त्यांची पावलं वाजली की खालच्या मजल्यावरची दारं मिटलेल्या शिंपल्यांसारखी गप्प होत. त्यांच्याशी बोलायच्या त्या एकट्या हेल्ला राउतिओ. त्याही आता मुलीकडे तुर्कूला राहायला गेल्या.

आणि हेल्लाबाई गेल्या तसा उर्पोच्या जिवाला घोर लागला. कारण त्यांच्यामागे मोकळा झाला तळघरातल्या सौनाचा, म्हणजे वाफेने अंग शेकायच्या खोलीचा, शनिवारी संध्याकाळचा सहाचा तास!

इमारतीत घरं चोवीस आणि सौना एक. प्रत्येक घराला आठवड्यातून एक तास. त्यातला शनिवारचा सहाचा म्हणजे राजाचा तास. आठवड्याची दगदग संपलेली, रविवार अजून हातात शिल्लक, बाहेर बर्फ, आत वाफ. हेल्लाबाईंनी तो तास एकतीस वर्षं सोडला नव्हता. प्रतीक्षा यादीत पहिला असलेला उर्पो नऊ वर्षं वाट बघत होता. नऊ वर्षं बुधवारी रात्री नऊला, सगळी इमारत भाजून निघाल्यावर, तो इतरांच्या घामाने ओलसर झालेल्या बाकावर जाऊन बसे आणि मनातल्या मनात शनिवार साजरा करी.

नियम सोपा होता. एक तारखेला सकाळी आठला सौनाच्या दारावर नवा तक्ता लागतो. मोकळ्या तासावर प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या माणसाने आठ ते नऊच्या दरम्यान आपल्या घराचा क्रमांक लिहायचा. नऊ वाजून गेले की जो लिहील त्याचा तास. पुस्तिकेतलं हे पंधरावं कलम उर्पोने जाड अक्षरात छापून घेतलं होतं.

एक फेब्रुवारी, गुरुवार. उर्पो पाचलाच उठला. दोनदा कॉफी केली, दोनदा ओतून दिली. साडेसातला बूट, कोट, लोकरी टोपी असा जामानिमा करून दारामागे उभा राहिला. आठला एक मिनिट कमी असताना त्याने कडीला हात घातला.

कट्!

तो आवाज त्याच्या कडीचा नव्हता. समोरच्या पाच नंबरच्या दाराचा होता! उर्पोने भिंगाला डोळा लावला. समोरचं दार बोटभर उघडलं होतं. त्या फटीतून एक जाड काळी मिशी दिसली, आणि दार लगेच मिटलं.

हेल्लाबाईंच्या घरात कालच आलेला नवा भाडेकरू. नाव वाखो, मुक्काम पोस्ट जॉर्जियातलं कुताइसी, कारखान्यात वेल्डर म्हणून लागणार होता. उर्पोची पुस्तिका त्याला महिनाभर आधीच पोचली होती.

"जाईल आता," उर्पो पुटपुटला.

वाखो गेला नाही. त्यानेही उर्पोच्या कडीचा आवाज ऐकला होता, आणि त्याला सातवं कलम तोंडपाठ होतं! तो उर्पो जायची वाट बघत होता, उर्पो तो जायची. दोन भिंगं, दोन डोळे, मध्ये रिकामा पॅसेज. सव्वाआठ झाले, आठ वीस झाले. कोटात उर्पोला असा घाम फुटला की आजची सौना इथेच उरकते की काय असं वाटावं.

साधं दार उघडून "नमस्कार" म्हणून का नाही गेला, असं तुम्ही म्हणाल. म्हणणं सोपं आहे! ज्याने कलम लिहिलं त्यानेच नव्या माणसासमोर पहिल्या दिवशी मोडायचं?

साडेआठला समोरच्या दाराची टपालाची फट किलकिली झाली आणि तिच्यातून कागदाचं एक विमान बाहेर आलं. छान गिरकी घेऊन ते पॅसेजच्या मधोमध पडलं. चिठ्ठी! बारावं कलम! उर्पोचा ऊर भरून आला. पण वाचणार कशी? बाहेर जाता येईना आणि चिठ्ठी आत येईना.

मग त्याची नजर कोपऱ्यातल्या स्कीच्या काठीवर गेली. त्याने ती टोकाकडून फटीतून बाहेर सारली. काठीच्या टोकाजवळची चकती कुरकुरत बाहेर पडली. आणखी थोडं, आणखी थोडं... काठी चिठ्ठीवरून घसरली, थेट जिन्याच्या कठड्यात घुसली आणि चकती गजांच्या पलीकडे जाऊन आडवी बसली. आता काठी मागे येईना. दार बाहेर ढकलावं तर काठी कठड्याला तटून दार उघडेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तेवढ्यात वरून पावलं वाजली. सोइंतूबाई!

त्या काठीपाशी थांबल्या. काठीला नीट न्याहाळून म्हणाल्या, "कोण रे ते? उर्पो ना?"

उर्पो भिंगापासून मागे सरकला.

"आहेस ना आत? शनिवारचा सहाचा तास आता तूच घेणार म्हणे. बरं झालं बाई, हक्काचाच आहे तुझा. हेल्ला जाताना मला एक सांगून गेलीय, ते तेवढं ध्यानात ठेव हं, नाहीतर..."

बाई आता हेल्लाच्या गुडघ्यांपासून सुरुवात करणार आणि नऊ वाजवणार, हे उर्पोने ओळखलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि हळूच फटीत कोंबली. पलीकडची गुणगुण पाचेक मिनिटं चालली. मग पावलं पुन्हा वर गेली.

आठ पंचेचाळीस. उर्पोच्या खिशातला फोन ठणाणा वाजला. त्याच्या फोनला अकॉर्डियनची धून होती, आणि आवाज लग्नात वाजवावा इतका. पुस्तिकेचं एक्केचाळिसावं कलम: ‘अडचण आल्यास खालील क्रमांकावर फोन करावा.’ क्रमांक उर्पोचा होता. नाव मात्र त्याने विनयाने छापलं नव्हतं.

"हॅलो," उर्पो दबक्या आवाजात म्हणाला, "नव्या रहिवाशांची मदत."

"साहेब, देवासारखे भेटलात! मी वाखो, पाच नंबर. साहेब, ते सातवं कलम!"

"त्याचं काय?"

"पाळतोय! आठ वाजल्यापासून पाळतोय! समोरचा माणूस दारामागे उभा आहे. तो जाईना, म्हणून मी जाईना. ‘तुम्ही आधी जा’ अशी चिठ्ठी टाकली, ती तो उचलेना. काल दुपारपासून पोटात कण नाही हो, पाव आणायला निघालो होतो. मघाशी एक आजी काठीशी गप्पा मारून गेल्या, तेव्हाही थांबलो."

तो समोरचा माणूस मीच, हे सांगायला उर्पोची जीभ उचलेना. "तुम्ही निघा. तो मग निघेल."

"पण शेजारी असताना निघालो तर त्याला त्रास होईल ना?"

"नाही होणार."

"तुम्हाला काय माहीत? ओळखता त्याला?"

"तसा... थोडाफार."

"मग खरं सांगा साहेब, माणूस कसा आहे? कारण त्याने दारातून भाला बाहेर काढलाय!"

"भाला काय भाला! स्कीची काठी आहे ती!"



"साहेब," वाखो हळूच म्हणाला, "तुम्हाला ती कुठून दिसतेय? आणि तुमचा आवाज मला दोनदा का येतोय? एकदा कानात, एकदा पॅसेजमधून?"

उर्पोने डोळे मिटले. "मीच तो," तो म्हणाला. "दार अडकलंय. जरा बाहेर या."

वाखो धावत बाहेर आला. आधी काठी ओढली, ती आणखी फसली. मग ढकलली, तसा आत उर्पोच्या पोटात दणका बसला. शेवटी वाखो गुडघ्यांवर बसला, फटीतली टोपी उपसली आणि तिथून दोघांची पहिली भेट झाली. इकडून एक डोळा, तिकडून अर्धी मिशी.

"करवत आहे का घरात?" वाखोने विचारलं.

"काठी राहू दे! वाजले किती?"

"नऊला चार कमी."

उर्पोने आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. साखरसुद्धा नाही. पण नऊ वर्षं डोळ्यांपुढे उभी राहिली. "वाखो," तो म्हणाला, "तळघरात सौनाच्या दारावर तक्ता आहे. दोरीला पेन्सिल बांधलीय. शनिवार, सहा वाजता. पळा! लिहून या! माझा जीव आहे त्यात!"

वाखो दोन दोन पायऱ्या उतरत गेला. उर्पो फटीला कान लावून बसला. खाली एक दार उघडल्याचा आवाज आला, मग सायकली कोसळल्याचा, मग दुसरं दार, मग बराच वेळ काहीच नाही. शेवटी जिन्यात धापा ऐकू आल्या.

"लिहिलं!" वाखो ओरडला. "आधी सायकलींच्या खोलीत शिरलो, पण लिहिलं! शनिवार सहा! पाच!"

"पाच? माझं घर चार नंबर आहे!"

"माहीत आहे की. पण पंधरावं कलम, जाड अक्षरात: ‘कुणीही दुसऱ्याच्या घराचा क्रमांक लिहू नये, अन्यथा त्या घराची सौना वर्षभर बंद.’ तुमचं वर्ष बुडालं असतं! पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते, म्हणून माझा लिहून तास राखून ठेवला." आणि मग अभिमानाने, "पाठ आहे मला सगळं. फार चांगलं लिहिलंय हो कुणीतरी."

उर्पो दाराला पाठ टेकून खाली बसला. रडावं असं त्याला मनापासून वाटलं. आपलेच दात नि आपलेच ओठ, ओरडणार कुणावर?

"तोंड पाडू नका," फटीतून आवाज आला. "अठरावं कलम, आपल्या तासाला पाहुणा आणता येतो. शनिवारी तुम्ही माझे पाहुणे. आमच्याकडे पाहुणा म्हणजे देवाने धाडलेला माणूस! तेवढा पाव घेऊन येतो, मग काठी कापू."

पुढचे दोन दिवस उर्पोचा पाय जमिनीवर ठरला नाही. पाहुणा म्हणून का होईना, शनिवारचा सहा! त्याने सौनात अंगावर मारून घ्यायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी काढली, नवा टॉवेल काढला, पुन्हा घडी करून ठेवला, पुन्हा काढला.

शनिवारी सहाला पाच कमी असताना कंबरेला टॉवेल गुंडाळून, वर कोट चढवून तो दारामागे उभा राहिला. कडीला हात घातला.

कट्! समोरून.

दोघेही थांबले.

मिनिटभराने खिशात अकॉर्डियन वाजलं. "साहेब, नव्या रहिवाशांची मदत ना? काय आहे, समोरचा माणूस..."

"मी तीन म्हटलं की उघडायचं," उर्पो म्हणाला. "एक. दोन. तीन!"

दोन्ही दारं एकदम उघडली. पॅसेजमध्ये दोन टॉवेल समोरासमोर उभे राहिले. उर्पोला हसू आलं, आणि आपल्याला हसू आलं याचंच नवल वाटलं.

सौनात अंधुक दिवा होता. दोघं वरच्या बाकावर जाऊन बसले. बाक गार होतं.

"तापतंय हळूहळू," उर्पो जाणकारासारखा म्हणाला. त्याने डावभर पाणी भट्टीवरच्या दगडांवर ओतलं. बुधवारी नऊला हेच पाणी चर्रकन वाफ होऊन उसळायचं. आज ते दगडांवरून निमूट ओघळलं आणि खाली ठिबकू लागलं.

"असंच असतं का?" वाखोने आदराने विचारलं.

"सुरुवातीला," उर्पो म्हणाला.

सव्वासहा झाले. साडेसहा झाले. वाखोच्या मिशीला कंप सुटला होता. त्याने पुस्तिका मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून पाहिली. थंड सौनाबद्दल कलम नव्हतं. उर्पोने डहाळ्यांनी स्वतःला बडवून पाहिलं, थंडी मात्र तसूभर हटली नाही.

बरोबर सातला दार उघडलं. झगा घालून, हातात बादली घेऊन सोइंतूबाई उभ्या होत्या. त्यांचा तास सातचा.

"अगं बाई! काकडलात की रे दोघं! बटण नाही दाबलं?"

"कसलं बटण?" दोघांनी एकदम विचारलं.

"बाहेर, तक्त्यामागे. शनिवारी पहिला तास सहाचा, तो ज्याचा, त्याने पाचला येऊन दाबायचं, म्हणजे सहाला तापते. हेल्ला एकतीस वर्षं दाबत होती."

"आपोआप तापत नाही?" उर्पोचा आवाज खोल गेला. बुधवारी नऊला तो येई तेव्हा ती नेहमी तापलेलीच असे.

"आपोआप काय तापतं रे या जगात?"

"पण हे लिहिलंय कुठे?" उर्पो कळवळून म्हणाला.

"लिहायचंय काय त्यात? हेल्लाने मला सांगितलं."

"कधी?"

"असंच. जिन्यात. बोलता बोलता," सोइंतूबाई म्हणाल्या. "परवा तुलाही सांगत होते, पण तू मधेच टोपी कोंबलीस."

वाखोने उर्पोकडे पाहिलं. उर्पोने गार दगडांकडे पाहिलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

"सातवं कलम जरा बदलावं लागेल," उर्पो हळूच पुटपुटला आणि लिहून ठेवायला सवयीने खिसा चाचपला. पण टॉवेलला खिसा नसतो.