मामाजीचा धर्म लिहिताना

भिवा मामाजीले कोणी 'राम राम' घातला, की ते बंडी थांबवून, टोपी सरळ करून सांगत, "मी नास्तिक आहो." मागं चार बंड्या खोळंबल्या तरी सांगत.

हा शब्द त्यांनी गोंदियातल्या कोणत्याशा व्याख्यानातून आणला होता. आमच्या नागरा गावात तो आधी कोणाजवळच नव्हता, म्हणून ज्यानं त्यानं आपापला अर्थ लावला. न्हाव्याले वाटलं, मामाजी पाद्र्याकडं गेले. पतलून कधी घालता म्हणून विचारायचा. शेजारच्या सोनाबाईले वाटलं, आजार आहे. ती रोज हळदीचं दूध पाठवायची. मामाजी ते पिऊन घेत. "दुधासंगं माझं भांडण नाही," म्हणत.

दर सोमवारी ते महादेवाच्या देवळाच्या पायरीवर बसत आणि बाहेर निघणाऱ्याले विचारत, "काऊन जी, आतला काही बोलला का?"

मी लग्नाच्या पंगतीत त्यांची हुबेहूब नक्कल करायचो, नाकातून. एकदा मामाजी मागंच उभे. म्हणाले, "बाबू, 'बोलला'वर जोर कमी पडून राहिला."

मग खानेसुमारी आली. मी सातवी पास, म्हणून घरोघरी माणसं मोजायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. मामाजी सकाळपासून ओट्यावर तयार. नाव झालं, वय झालं. धर्म?

"नास्तिक लिही. मोठ्या अक्षरात."

मी टाक बुडवला. दाराआडून मामी म्हणाली, "आन् माझ्या नावासमोर?"

"हिंदू, मामी."

मामी बाहेर येऊन खालीच बसली. "मंग आमाले अलग अलग मोजून राहिला का तू? वरतं देवाघरी यांची पंगत अलग, माझी अलग?"

मामाजी हसले. "अवो, वरतं काहीच नाही. कागद दिल्लीले जाते."

"चाळीस वर्सं तुमी जेवल्यावर तुमच्याच ताटात जेवली मी," मामी म्हणाली. "तिकडं कोनाच्या ताटात जेवू?"

तिनं पदर डोळ्याले लावला. मामाजीनं टोपी काढली, परत घातली. म्हणाले, "हिंदू लिही."

"पन मामाजी, तुमी तं..."

"लिही न बे."

मी लिहिलं. मामी आत गेल्यावर ते माझ्या कानाशी वाकले. "वरतं काही नाही, हे मले पक्कं मालूम आहे. पन निघालंच काही, तं हे बाई तिकडं उपाशी बसून राहीन."