चार बोटांची जागा

माझ्या आणि रामटेके काकांच्या घरामधली चार बोटांची फट मी सिमेंटनं बुजवली. कुणी सांगितलं नव्हतं. स्वतःच्या अकलेनं बुजवली.

त्या फटीत काकांचा जीव. आमच्या हुडको कॉलनीत बाकीचे लोक सकाळी फिरायला जातात. काका ॲल्युमिनियमची लांब पट्टी घेऊन फटीपाशी येतात, ती आत घालून पार मागच्या टोकापर्यंत सरकवतात आणि कुठं अडली नाही की "साफ हाय" म्हणून चहाला जातात. मेलेले उंदीर, फाटके पतंग, एकदा माझं उडालेलं बनियन, सगळं त्या पट्टीनंच बाहेर काढलंय.

नोकरीभर त्यांनी कारखान्यात शेडचे खांब आणि त्यांच्यामधली मोकळी जागा तपासली. त्यामुळे लग्नाच्या पंगतीतही शेजाऱ्यापासून वीतभर सरकून बसतात. ट्रेमध्ये चहाचे दोन ग्लास चिकटलेले दिसले, की आधी वेगळे करतात, मग ट्रे गदागदा हलवतात. "हे पाय, धरती हालली का हरेक घर आपल्या तालानं डोलते. एक इकडं, एक तिकडं. मंधात जागा नसली का टक्कर! समजून राहिलं का?"

मला एवढंच समजायचं, की चहा सांडला. भिलाईत आमची जमीन हलते ती शेजारून डंपर गेला तर.

तर काका चार दिवस मुलीकडे गोंदियाला गेले आणि मी, भिंतीत पाणी मुरतं म्हणून, फटीत विटांचे तुकडे ठोकून वरून सिमेंटचा मसाला भरला. रंगसुद्धा दिला. काका परतले तेव्हा शाबासकी घ्यायला दारातच उभा होतो. त्यांनी पट्टी लावली. टक्कन वाजली. काकांनी घरातून छिन्नी-हातोडा आणला आणि भर दुपारी, बहात्तराव्या वर्षी, मसाला फोडायला लागले.

"काका, तुमाले आपल्या घराची लयच फिकर," मी घुश्श्यात म्हणालो.

"माया घराले काय होते? कोना फुटंल, बस. तू हौसेनं जोतं दोन फूट उंच घेतलं ना? आता माया स्लॅब येते तुया खांबाच्या छातीवर. धडक बसली का तुया खांब जाईल. अन् त्या खांबाले लागून वहिनीची खाट हाय."

वहिनी म्हणजे माझी आई. दहा वर्षं मी समजत होतो, की म्हातारा आपलंच घर राखतोय.

काकांचा हातोडा थांबला. "तुयी काकी गेली तवापासून सकाळी मले आवाज देणारं तेवढंच एक माणूस हाय, बाबू. 'उठले का भाऊजी?' इचारते खिडकीतून."

त्याच खिडकीत आई केव्हाची उभी होती. डोळे पुसून म्हणाली, "भाऊजी, सावलीत या. चहा ठेवते. ते छिन्नी द्या याच्या हातात."

मग माझ्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"आमाले भूकंप कायले लागते? हा हाय ना घरी!"