हमीदभाऊंचा नाका

हमीदभाऊंच्या घरी पाहुणा गेला, की पाण्याचा गिलास मागाहून येतो. आधी त्याच्या फोनची रजिस्टरात नोंद होते. नाव, गाव, फोन कोणता आणि येण्याचं कारण.

भाऊ माझे शेजारी. एटापल्लीच्या जंगलनाक्यावर त्यांनी हयात काढली. सागवानाचा ट्रक आला की बांबू आडवा, पास बघायचा, लाकडावरचा शिक्का बघायचा, मगच बांबू वर. निवृत्त झाले, घरी वायफाय आलं आणि भाऊंना नवा नाका मिळाला. राउटर बसवायला आलेल्या माणसाला त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "याचा बांबू कुठी हाय?"

त्या बिचाऱ्याने मोबाइलवर एक यादी उघडून दिली. राउटरला जोडलेला प्रत्येक फोन तिच्यात दिसतो, नको तो तिथूनच बंद करता येतो. झालं! तेव्हापासून भाऊ राउटरखाली खुर्ची टाकून बसतात. राउटरच्या मागे एक बटण होतं, ते दाबलं की पासवर्डशिवायही फोन जोडता येई. भाऊंनी त्यावर लाख ओतून शिक्का मारला. "चोरवाट बंद!"

राउटरवर लाइनी दोन, घरच्यांची वेगळी आणि पाहुण्यांची वेगळी. पाहुण्यांचा पासवर्ड दर शुक्रवारी बदलतो. अकरा वर्षांपासूनची शेजारीण असून मी पाहुण्यांतच. एकदा मी भडकलेच. "भाऊ, तुमच्या घरी ईदचा शीरखुर्मा खाते मी!"

"खा ना बाई, शीरखुर्म्याले कोन मना केलं? पन घरची लाइन मांगू नका."

माझ्या रागाचं सोडा, खुद्द जावईसुद्धा पाहुण्यांच्या लाइनीत आहे. घरच्यांच्या यादीत नावं दोनच. एक भाऊंचं, दुसरं नसीमचं. नसीम म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, सिरोंच्याला दिलेली. तिची आई गेल्यापासून घरात भाऊ एकटेच.

एवढा कडक बंदोबस्त, पण घरच्या लाइनीचा पासवर्ड भाऊंनी एकदाही बदलला नव्हता. गावातच राहणाऱ्या त्यांच्या भाच्याने तो त्यांच्या मोबाइलवरून बघून अर्ध्या मोहल्ल्यात वाटला होता. रोज यादीत चार अनोळखी फोन उगवत आणि भाऊ एकेकाला हाकलत बसत. मला बघवेना.

"अहो, पासवर्डच बदलून टाका ना एकदाचा!"

"तो नाई बदलत मी."

"काऊन?" मीही त्यांच्याच बोलीत विचारलं.

"नसीम येते ना बाई. पोरगी दारात आली की तिचा फोन आपसूक लागला पायजे. सोताच्याच घरात का विचारत बसन ते, अब्बा पासवर्ड काय म्हून?"

पासवर्डाचा विषय मी पुन्हा काढला नाही.

गेल्या महिन्यात नसीम येणार होती. भाऊंनी सकाळपासून मटण शिजत घातलं होतं. दुपारी मी डबा परत द्यायला गेले, तर स्वारी खुर्चीवर, डोळे यादीवर. नसीमच्या नावापुढचा ठिपका अजून करडाच होता, म्हणजे तिचा फोन लागला नव्हता. तेवढ्यात घरच्या लाइनीत एक अनोळखी फोन उगवला.

"पाहा बाई, घुसला! आजच्या दिवशीबी सुधरत नाई हे लोक." अंगठा दाबला आणि फोन कायमचा बंद. भाऊंनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

दारातून आवाज आला, "अब्बा, वायफाय लागलं न् लगेच गेलं!"

नसीम उभी होती. खांद्यावर पिशवी, हातात कोरा करकरीत फोन. जुन्यातलं सगळं नव्यात उतरवून घेतलं होतं तिने, पासवर्डसकट. आम्हा दोघींना हसू आवरेना. "मलेच हाकललं काय अब्बा?"

भाऊ मात्र हसले नाहीत. मान खाली घालून यादी चाळत राहिले. नवा फोन तिच्या नावावर चढवताना तिचं नाव तीनदा चुकलं. "नाक्यावर एक बी खरा पास अडवला नवता मी," एवढंच बोलले.

नसीम चार दिवस राहून गेली. नाका पुन्हा सुरू झाला, पण त्यात एक नवा नियम आला आहे. अनोळखी फोन दिसला, की भाऊ तो लगेच बंद करत नाहीत. आधी उठून दारापर्यंत जातात, एसटी थांबते तिथवर रस्ता बघतात, मग परत येऊन बंद करतात. परवा तर तो भाच्याच्या दोस्ताचाच फोन होता, तो समोरच्या पानठेल्यावर उभा असलेला मलाही दिसत होता. तरी भाऊ बराच वेळ दारातच उभे होते.