दाराजवळची काळी पिशवी

अगं शाओमान, चहा राहू दे, आधी ऐक. आणि मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझं काहीतरी सुटेल. माझ्या समोरच्या घरातली युनरू आणि तिचा नवरा लीवेई आठवतात ना? तो उंच, चष्मेवाला. संध्याकाळी कचरा टाकायला खाली आला की अख्ख्या गल्लीशी गप्पा मारतो तो. लिन मावशींचे गुडघे, त्यांच्या कुत्र्याची शुगर, सगळं त्याला तोंडपाठ. आणि वर घरात? शून्य. भांडण नाही, आरडाओरडा नाही, काहीच नाही. जेवताना डोळे मोबाईलमध्ये. युनरू मला म्हणाली होती, "वाईट नाहीये गं तो. पण मला घरात एक मित्र हवा होता आणि मिळाला भाडेकरू. तोही कायमचा."

तर काल तिनं ठरवलं, बस झालं. सकाळच्या गाडीनं च्याई शहरात आईकडे जायचं आणि परत यायचं नाही. सुटकेसची चेन तुटलेली, म्हणून सगळे कपडे एका मोठ्या काळ्या पिशवीत कोंबले, गाठ मारली, पिशवी दाराशी ठेवली, आणि नळ सोडून न्हाणीघरात रडत बसली. तेवढ्यात खाली कचऱ्याच्या गाडीचं गाणं सुरू झालं. ते गाणं वाजलं की आपलं काय होतं तुला ठाऊक आहे, माणूस भरल्या ताटावरून उठतो. लीवेई उठला. कचऱ्याची ती विकतची सरकारी पिशवी उचलली, दाराशी ही काळी दिसली, तीही उचलली. अरे बाबा, विचारावं ना, "अगं, ही पण टाकायची का?" एवढंच! पण नाही. घरात बोलायचं म्हणजे याला जिवावर येतं.

खाली त्यानं सरकारी पिशवी गाडीत टाकली आणि साध्या पिशवीला दंड असतो म्हणून गर्दीचा फायदा घेऊन काळीही हळूच सरकवली. मग उभा राहिला लिन मावशींशी हसत. मला उशीर झालेला, मी माशांच्या काट्यांची बादली घेऊन गाडीमागे पळतेय. कोपऱ्यावर गाठलं, तर गाडीवरच्या माणसानं ती काळी पिशवी माझ्या पायाशी भिरकावली. "सरकारी पिशवीत टाका! दंड भरायचाय का?"

"अहो, माझी नाहीये ती!"

"सगळे असंच म्हणतात!" म्हणाला आणि गाडी गेली.

पिशवीतून पिवळ्या स्वेटरची बाही बाहेर लोंबत होती. मला कळेना हे काय. इतक्यात वरच्या गॅलरीतून युनरूचा आवाज, "लीवेई! दाराजवळची पिशवी कुठंय?"

"टाकली!"

"अरे, माझे कपडे होते त्यात!"

"कचऱ्याच्या पिशवीत?"

"सुटकेसची चेन तुटलीय! सांगितलं होतं मी तुला!"

"कधी?"

"जेवताना!"

अख्खी गल्ली वर बघायला लागली. लिन मावशींचा कुत्रासुद्धा. युनरू चपला न घालताच खाली आली, दोघं स्कूटरवर बसून सुसाट माझ्यासमोरून गेले. मी पिशवी डोक्यावर धरून अक्षरशः नाचले गं! लीवेईनं हात हलवला. त्याला वाटलं, मी टाटा करतेय.

फोन लावला, तर दोघांचे फोन वर घरात वाजतायत.

पुढचं मला युनरूनं सांगितलं. देवळाजवळ पोचले, गाडी गेलेली. लांबून गाणं ऐकू आलं म्हणून तिकडे वळले, तर ती दुसऱ्याच वॉर्डाची गाडी. युनरू मागे बसलेली, पण त्याला धरायचं नाही म्हणून मागचा दांडा घट्ट पकडून. सिग्नलला त्यानं विचारलं, "किती कपडे होते?"

"सगळे."

"सगळे? थंडीचा कोटही?"

"हो."

"पण आता तर उन्हाळा आहे."

"हो."

सिग्नल हिरवा झाला तरी हा हलेना. मागून हॉर्नवर हॉर्न. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला गं, ट्रॅफिकच्या मधोमध!

पुढच्या चौकात लोक म्हणाले, गाडी भरली, गेली भट्टीकडे जाळायला. एका आजीनं विचारलं, "काय होतं त्यात? सोनं?"

लीवेई डोळे पुसत म्हणाला, "बायको मला सोडून जाणार होती, तिचं सामान होतं."

आजी म्हणाली, "मग रडतोस काय? बरंच झालं की!"

आणि युनरूला हसू फुटलं. रडता रडता. मग दोघं तिथंच आल्याच्या पाकातली तोफूची खीर खात बसले. हिनं आलं जास्त मागितलं, तर हा म्हणतो, "तुला आलं आवडतं?" आठ वर्षांचा संसार, शाओमान!

दोघं घरी परतल्यावर मी पिशवी माझ्या घरात दाराआड ठेवून आधी त्यांच्याकडे डोकावले. म्हटलं, सांगते आणि देते. तर युनरू त्याचा ढगळ टीशर्ट घालून बसलेली. म्हणाली, "उद्या कपडे घेईन. परवा जाईन."

तो म्हणाला, "मी येऊ दुकानात?"

"तुला माझा साइज तरी माहितीये?"

त्याची मान खाली गेली. मोबाईलकडे हात गेला, आम्ही दोघी बघतोय. मग त्यानं मोबाईल पालथा ठेवला. "नाही माहीत. सांग ना."

मला वाटलं, आत्ता पिशवीचं नाव काढलं तर संपलंच. ती मला दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "पिशवी असती तर सकाळी गेलेच असते बघ. कपड्यांचं काही नाही गं. बाबांचा पिवळा स्वेटर होता त्यात. त्यांची तेवढीच एक वस्तू होती माझ्याकडे." आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. पाठीमागे तो बिचारा उभा, काय बोलावं ते कळत नाहीये. कळणार कसं? सवय कुठंय?

आता पिशवी माझ्या पलंगाखाली आहे. दिली तर ती जाईल. नाही दिली तर एका मेलेल्या माणसाचा स्वेटर मी लपवून बसलेय. आणि एका संध्याकाळच्या गप्पांवर असा कितीसा भरवसा ठेवायचा? सोमवारी तो परत मोबाईलमध्ये मान घालून बसला तर? सकाळी दोघं दुकानात गेले. जाताना तिनं माझं दार वाजवून विचारलं, "तू काल कोपऱ्यावर होतीस ना? गाडीतून काही पडलेलं दिसलं का गं?" आणि तो तिच्या मागे उभा राहून माझ्याकडे असा बघत होता, जणू काल मी डोक्यावर काय धरलं होतं ते त्याला आत्ता उमगलंय...

सांग ना शाओमान, माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?