दिवसा तपासलेलं रक्त

एका जंगलात तुळाजी नावाचं अस्वल राहत होतं. मुलांनो, नीट बसा. गोष्ट चालण्याची आहे, पण ती बसूनच ऐकायची असते.

तुळाजीला बायको होती, तिचं नाव सगुणा. त्याला पोटही होतं. गुहेत आधी पोट शिरायचं, मग तुळाजी. आणि त्याला एक भीती होती.

त्याच्या बापाला म्हातारपणी साखरेचा आजार झाला होता. डोळे गेले, पायाचा पंजा सडला. तुळाजीच त्याला धरून नदीवर न्यायचा. भर उन्हात उभा राहून बाप विचारायचा, "उजाडलं का रे?"

ते आठवलं की तुळाजीला घाम फुटायचा. घाम फुटला की भूक लागायची. मग तो मध खायचा.

त्या जंगलाचा राजा सिंह. तो स्वतः दिवसभर लोळायचा, म्हणून रयतेच्या आळसाची त्याला फार काळजी. त्यानं परदेशी शिकून आलेल्या घुबडवैद्याला बोलावून घेतलं. हा वैद्य रक्ताचा थेंब बघून सांगायचा, वाडवडिलांकडून कुणाच्या अंगात कोणता आजार उतरलाय ते. त्याला तो 'जनुकं' म्हणायचा. कुणालाच शब्द कळला नाही, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता राजाची कचेरी दिवसा. घुबडाला दिवसा दिसत नाही. हे अख्ख्या जंगलाला ठाऊक होतं. पण कचेरीची वेळ बदला, असं राजाला सांगणार कोण? त्यापेक्षा वैद्यानं डोळे मिटून तपासावं, हे सगळ्यांना सोपं वाटलं.

तुळाजी गेला तो हैबतीला सोबत घेऊन. हैबती म्हणजे रानडुक्कर, त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. वैद्यानं दोघांच्या कानाला टोचलं, दोन शिंपल्यांत एकेक थेंब घेतला, शिंपले चाचपून इकडचे तिकडे केले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघितल्यासारखं केलं.

"तुळाजी, साखर तुझ्या रक्तातच आहे," तो म्हणाला. "चाललास तर टळेल. हैबती, तुझं रक्त स्वच्छ."

हैबती खो खो हसला. त्याचं म्हणणं, बाप वाघानं खाल्ला, आजा वाघानं खाल्ला, आमच्या घराण्यात साखर व्हायला टिकतंय कोण? आणि तो तिथूनच चिखलाकडे गेला.

तुळाजीच्या पुढच्या पायाला वैद्यानं वेलीचा पट्टा बांधला. पट्ट्याला एक पोकळ बी आणि तिच्यात रातकिडा. तुळाजी चालला की बी झुलायची, रातकिडा पाळण्यातल्या पोरासारखा झोपायचा. तुळाजी बसला की तो जागा व्हायचा आणि कान किटेपर्यंत किरकिरायचा. राजानं हुकूम काढला, पट्टा सोडेल त्याची खैर नाही.

पहिले काही दिवस तुळाजीनं सगळ्या शहाण्यांसारखं केलं. दगडाला टेकून बसला, पट्ट्याचा पाय हलवत राहिला आणि मोकळ्या पायानं मध खात राहिला. रातकिडा फसला. सगुणा फसली नाही.

"अहो, पाय काय हलवताय," ती म्हणाली. "बूड हलवा."

"वैद्यानं एवढंच सांगितलंय."

"मामंजींना नदीवर तुम्ही नेत होता. तुम्हाला कोण नेणार आहे? माझे गुडघे बघितलेत का?"

तुळाजीनं मध खाली ठेवला. मग उठला.

आणि चालायला लागला. उन्हात चालला, पावसात चालला. चिखलाजवळून जाताना हैबती आतूनच ओरडायचा, "काय तुळ्या, रातकिड्याला फिरवून आणतोस होय? दुपट्यात तरी गुंडाळ त्याला." चिखलाच्या काठावर माकडं टरबुजाच्या फोडी फेकत. पडल्या पडल्या हैबती तोंड उघडायचा. स्वच्छ रक्ताला कसली भीती?

असं करता करता तुळाजीचं पोट उतरलं. ओढ्यापलीकडे अर्जुनाचं उंच झाड होतं, त्यावर लग्नाच्या साली तो चढला होता. एका सकाळी तो पुन्हा वर गेला आणि पोळं घेऊन उतरला. स्वतः एक बोट चाटलं, बाकी सगळं सगुणापुढे ठेवलं. पोळं तोंडाशी धरून ती बराच वेळ दुसरीकडे बघत होती.

तिकडे हैबतीला सारखी तहान लागायला लागली. खुराची जखम भरेना. लोक म्हणाले, नजर लागली असेल. रक्त तर स्वच्छ आहे.

मग राजा हवापालटाला दुसऱ्या डोंगरावर गेला. कचेरी बंद पडली. घुबडवैद्याला दिवस मावळल्यावर काम करायची सवड मिळाली. त्यानं ते दोन शिंपले पहिल्यांदाच डोळ्यांनी बघितले. शिकलेला असूनही तो प्रामाणिक होता. दोघांनाही बोलावून त्यानं कबूल केलं की थेंबांची अदलाबदल झाली होती. साखर होती हैबतीच्या रक्तात. तुळाजी पडला होता आईच्या वळणावर, त्याचं रक्त साफ.

तुळाजीनं तिथल्या तिथे दातानं पट्टा तोडला. राजा डोंगरावर होता, हुकूम बघायला होतं कोण? रातकिडा झाडीत पळाला. तुळाजी म्हणाला, "रक्तात नाहीच, तर चालू कशाला?"

हैबतीनं सुस्कारा टाकला. "रक्तातच आहे, तर चालून काय होणार?"

आणि दोघं शेजारी शेजारी चिखलात पडले. इतक्या दिवसांनी दोस्त भेटले होते. माकडांनी आनंदानं फोडी दुप्पट केल्या.

पावसाळा गेला. तुळाजीचं पोट परत गुहेत आधी शिरायला लागलं. अर्जुनाच्या झाडाखाली तो उभा राहायचा, वर बघायचा आणि परत यायचा. एकदा ओढ्यावर जाताना त्यानं उगाच सगुणाच्या खांद्यावर हात ठेवला. ती जागच्या जागी थांबली. मामंजींनाही असंच धरून नदीवर न्यायला लागायचं.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला कानाला धरून वैद्याच्या ढोलीपाशी आणलं. हैबतीला तिनं दोरी बांधून मागून ओढत आणलं होतं.

"वैद्यबुवा, या दोघांचं रक्त पुन्हा तपासा."

घुबडानं एक डोळा किलकिला केला. त्यानं समजावलं, बाई, ऊन डोक्यावर आहे, मला काही दिसत नाही, अंधार पडल्यावर या.

"अंधारात नको," सगुणा ढोलीत तोंड घालून हळूच म्हणाली. "आत्ताच तपासा. आणि दोघांच्याही रक्तात आहे, पण चाललं तर टळेल, म्हणून सांगा."

तात्पर्य : वैद्य निवडताना तो दिवसा आंधळा आहे ना, एवढं बघून घ्यावं. आणि बायको निवडताना तिला दिवसाही दिसतं ना, ते बघावं. रक्ताचं काय, त्यात काहीही निघालं तरी ते लोळायला कारण देतंच.